किहीमहून नीरव मोदी यांस

श्री. नीरव मोदी,

मायना एवढाच. 'सप्रेम नमस्कार' लिहावा असं आपल्यात काही नाही.

तुमचा आणि आमचा संबंध एका बंगल्यापुरता. किहीमच्या किनाऱ्यावर तुम्ही सुमारे ३३ हजार चौरस फुटांचा बंगला बांधलात, किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून बांधलात. उच्च न्यायालयात अलिबाग तालुक्यातल्या बेकायदा बंगल्यांविरुद्ध जनहित याचिका होती, तुमचं नाव तोवर पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात देशभर गाजलं होतं, आणि जी सरकारी यंत्रणा इतकी वर्षं त्या बंगल्यासमोरून मुकाट जात होती तिला एकाएकी दिसायला लागलं. जानेवारी २०१९ मध्ये पाडकामाची यंत्रं आली. बांधकाम इतकं भक्कम की यंत्रांना ते दाद देईना. शेवटी खांबांना भोकं पाडून सुरुंग ठासले आणि ८ मार्च २०१९ रोजी बंगला काही क्षणांत खाली बसला. गावाने धुरळा पाहिला, टीव्हीवाल्यांनी चित्रण केलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

बंगल्याबद्दल तुमच्याशी भांडायला हे पत्र नाही. हे पत्र कर्जाबद्दल आहे. आमच्या गावात कर्ज नाही असं घर शोधावं लागतं, आणि तुम्ही गेल्यापासून त्या घरांत एक वाक्य शिरलंय. चोंढी नाक्यावर मिनिडोरची वाट पाहणारी पोरंसुद्धा ते बोलतात: "मोदीने हजारो कोटी बुडवले, माझ्या दोन लाखांनी काय बँक बसणार आहे?" त्या वाक्यासाठी मी तुम्हाला गुन्हेगार धरतो. न्यायालयाने तुम्हाला कशासाठी धरायचं ते न्यायालय ठरवेल.

तुमच्यावरचा आरोप आमच्या माणसांना कळेल असा मांडतो. मुंबईत फोर्टमध्ये, ब्रॅडी हाउसमध्ये पंजाब नॅशनल बँकेची शाखा. तिथून तुमच्या कंपन्यांसाठी हमीपत्रं निघायची: या ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर आम्ही देऊ, असं पीएनबीचं वचन. त्या वचनावर भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखा तुम्हाला परकीय चलनात कर्ज द्यायच्या. अशा हमीसाठी ग्राहकाकडून रोख रक्कम किंवा तारण घ्यायचा नियम होता. आरोप असा की तुमच्याकडून ते घेतलंच गेलं नाही. हमीचा संदेश स्विफ्ट यंत्रणेतून परदेशी जायचा, पण त्याची नोंद बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत व्हायची नाही, कारण या दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. मुदत संपली की नवं हमीपत्र, आणि त्यावर आलेल्या पैशातून जुन्याची भरपाई. हे २०११ पासून चाललं. आरोपपत्रात तुमच्या वाट्याचा आकडा ६,४९८ कोटी रुपयांचा आहे. तुमचे मामा मेहुल चोक्सी यांचा हिशेब वेगळा.

हे उघडकीला आलं ते शाखेतला एक अधिकारी मे २०१७ मध्ये निवृत्त झाला म्हणून. जानेवारी २०१८ मध्ये तुमच्या कंपन्यांची माणसं नेहमीप्रमाणे नवी हमीपत्रं मागायला गेली. नव्या माणसाने नियमाप्रमाणे शंभर टक्के रोख तारण मागितलं. "आजवर कधी लागलं नाही," असं तुमची माणसं म्हणाली, आणि 'आजवर' म्हणजे काय ते बँकेने शोधायला घेतलं. २९ जानेवारीला बँकेने सीबीआयकडे तक्रार दिली. तुम्ही १ जानेवारीलाच देश सोडला होता. माणसं कर्जातून बाहेर पडण्यासाठी आयुष्य घालवतात; तुम्ही थेट विमानतळ गाठलात.

आता आमच्याकडे कर्ज कसं मिळतं तेही ऐका. दोन लाख हवे असतील तर दोन जामीनदार लागतात. एक बहुतेक वेळा शाळेतला शिक्षक नाहीतर एसटीतला कंडक्टर, कारण त्यांना पगाराची स्लिप असते. घरपट्टीची पावती, सात-बारा, आधार, पॅन, तीन फोटो. हप्ता थकला तर बँक आधी जामीनदाराच्या दारात जाते. म्हणून नाक्यावरच्या त्या पोराला मी सांगतो: तुझ्या दोन लाखांनी बँक बसणार नाही, खरं आहे. बसेल तो तुझा जामीनदार. तुझ्या बापाने ज्याचे हातपाय जोडून सही घेतली त्याच्या पगारातून कापतील, आणि पुढच्या वर्षी तुझ्या चुलतभावाला रिक्षा घ्यायची असेल तेव्हा गावात कुणी सही करणार नाही. नीरव मोदींना जामीनदार नव्हता. त्यांच्यामागे उभी होती ती सगळी बँक, म्हणजे तिचे ठेवीदार आणि करदाते. तुझ्यामागे एक कंडक्टर आहे.

आमची कर्जं येतात कुठून, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही येत होतात ते मौजेला. किहीमचं पोट आता पर्यटकांवर चालतं. शनिवार-रविवार, नाताळ, मे महिना. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होतात, खोल्या रिकाम्या पडतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत शाळेच्या फिया येतात, शाकारणी येते, पाठोपाठ गौरी-गणपती. जूनमध्ये घेतलेलं कर्ज मे महिन्यात फेडायचं, असं वर्षाचं चक्र. २०२० मध्ये ते चक्रच मोडलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मे महिना कोरडा गेला, आणि ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं. नारळी मुळासकट उन्मळल्या, पोफळी मधोमध मोडल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. ज्या म्हाताऱ्यांनी पेन्शन म्हणून वाडीकडे पाहिलं होतं त्यांची पेन्शन एका दुपारी आडवी झाली. बँकांनी हप्ते पुढे ढकलले, तर लोकांना वाटलं माफ झाले. व्याज चढतच होतं.

एका घराचा हिशेब मांडतो. नाव सांगत नाही. बाई होमस्टेमध्ये स्वयंपाक करते, नवरा दोन बंगल्यांवर माळी. वादळानंतरच्या वर्षात त्यांच्या डोक्यावर चार कर्जं झाली. मंगळसूत्र आणि पाटल्यांवर ५० हजारांचं सोनेतारण. महिलांच्या गटातून ४० हजार. त्यात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या वर्गणी काढून भरतात आणि मग आठवडाभर तिला विहिरीवर तोंड दाखवायची चोरी. मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी हप्त्यावर घेतलेला मोबाइल. आणि गावातल्याच एकाकडून २० हजार, शेकडा पाच रुपये महिना. बँक आणि गट यांची बाईला धास्ती होती, कारण ते कागद दाखवतात. गावातला सावकार तिला आधार वाटायचा, कारण तो महिन्याला फक्त हजार रुपये न्यायचा आणि मुद्दल कधी मागायचा नाही.

मुद्दल मागत नाही तो भला माणूस, ही समजूत किती घरं खाते! दोन वर्षांत त्याने २४ हजार नेले आणि २० हजार जागच्या जागी होते. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकरी नसलेल्याला बिनतारण दिलेल्या कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं, म्हणजे २० हजारांवर महिन्याला ३००. तेही परवाना असलेल्या सावकाराने. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा सांगितला तेव्हा बाई म्हणाली, "पोलिसांत कोण जाणार? त्याच्याच विहिरीवरून पाणी आणते." त्यामुळे कायदा बाजूला राहिला आणि हिशेब पुढे आला.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, जिथे दुधाचा हिशेब असतो तिथे, चारही कर्जं एकाखाली एक लिहिली. रक्कम किती ते नाही लिहिलं. शंभर रुपयांना वर्षाला किती जातात, ते लिहिलं. सोन्यावर १२, गटाच्या कर्जावर चोवीसेक, मोबाइल जवळपास फिटलेला, आणि गावातल्या भल्या माणसाचे ६०. तो साठाचा आकडा बघून नवरा बराच वेळ काही बोलला नाही. तोवर त्याचा बेत होता, सोन्यावर आणखी पैसे काढून गटाचं कर्ज मिटवायचं. म्हणजे मोदीसाहेब, तुमचाच धंदा, फक्त शून्यं कमी. जुना कागद फाडायचा, नवा लिहायचा आणि महिनाभर सुटल्यासारखं वाटून घ्यायचं. तो बेत सोडला. मे महिन्याची कमाई आली ती आधी साठाच्या धोंड्यावर घातली. त्या वर्षी गणपतीला मखर घरीच केलं, पाहुण्यांना आधीच सांगितलं, आणि नवं कर्ज एकही काढलं नाही. हे एकच व्रत सगळ्यात कठीण गेलं, कारण जुलैत मोबाइलवर रोज एक ॲप विचारायचं, पाच मिनिटांत दहा हजार हवेत का? हवे होतेच. घेतले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गटाचं मिटलं, त्यानंतर सोनं घरी आलं.

मग दरमहाचे जे हजार-दीड हजार मोकळे झाले, ते कुठे जायचे? टीव्ही मोठा घ्यायचा की म्हातारपण बघायचं, यावर घरात चार दिवस वाद झाला. बाई ३९ वर्षांची. अटल पेन्शन योजनेचं दार चाळिशीला बंद होतं. साठीनंतर महिन्याला ५ हजार हवेत तर ३९ व्या वर्षी शिरणाऱ्याला महिन्याला १,३१८ रुपये भरावे लागतात. अठराव्या वर्षी शिरली असती तर तीच पेन्शन २१० रुपयांत. आपली मुलगी अठराची झाली की तिचं खातं आधी उघडायचं, हे त्या आकड्यापाशीच ठरलं. वेगळी शिकवण द्यावी लागली नाही. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर एकवीस वर्षांनी त्या ५ हजारांत आजच्या अठराशेचाच माल येईल, हेही मी त्यांना सांगितलं, कारण योजना विकणारा ते सांगत नाही. अठराशेत म्हातारपण निघत नाही. पण औषधांसाठी पोरांपुढे हात पसरायची वेळ तरी टळेल, आणि आमच्याकडे म्हातारपणाची निम्मी भीती तीच असते. उरलेल्यासाठी पोस्टात आवर्ती ठेव, आणि वाडीत नव्या पोफळी.

नवऱ्याचं काय? बंगल्यावरच्या माळ्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. मांडव्यापासून किहीमपर्यंत बंगल्यांच्या हिरवळी जी माणसं राखतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना काम सुटेल त्या दिवशी हातात काही पडत नाही. अशांसाठी केंद्र सरकारने श्रमयोगी मानधन योजना काढली. अठराव्या वर्षी महिना ५५ रुपये, चाळिसाव्या वर्षी २००, तेवढीच भर सरकारची, साठीनंतर महिन्याला ३ हजार. पंतप्रधानांनी तिचं उद्घाटन केलं ५ मार्च २०१९ ला. तीन दिवसांनी तुमचा बंगला पाडला. त्या आठवड्यात तुमच्या सुरुंगाची बातमी घराघरांत पोचली, पंचावन्न रुपयांची पोचली नाही. या माळ्याला ती कळली तेव्हा त्याची चाळिशी उलटून गेली होती.

मोदीसाहेब, याच किहीममध्ये पैशाच्या अडचणीत आलेला आणखी एक मुंबईकर राहून गेला. डॉ. सालिम अली. १९३० मध्ये जर्मनीहून शिकून परतले, तर प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची नोकरी निधीअभावी गेलेली. ते पत्नी तहमिना यांच्यासह किहीमच्या घरी येऊन राहिले. काम नाही, पगार नाही. त्या दिवसांत त्यांनी इथल्या सुगरण पक्ष्यांची घरटी दिवसेंदिवस न्याहाळली. नर एकामागून एक घरटी विणतो आणि प्रत्येक घरट्यात नवी जोडीदारीण आणतो, हे त्यांनी नोंदवलं, आणि त्या अभ्यासाने त्यांचं नाव पक्षिशास्त्रात पक्कं झालं. ऐपत आटली तेव्हा त्यांनी राहणी आटवली. या गावाला अभिमान वाटावा असं मुंबईकराचं घर ते. तुमच्या घराचा आम्हाला उपयोग एवढाच झाला की पर्यटकांना घेऊन जाणारे रिक्षावाले काही महिने ढिगारा दाखवत होते.

तुमचं कर्ज कुणी फेडलं, याचाही हिशेब व्हायला हवा. पंजाब नॅशनल बँक १८९५ साली लाहोरला सुरू झाली ती देशी भांडवलावर, लाला लजपत राय यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने. आपला पैसा आपल्या माणसांच्या हाती असावा, म्हणून लोकांनी तिच्यात पैसे टाकले. २०१७-१८ या वर्षी त्या बँकेला १२ हजार कोटींहून अधिक तोटा झाला. सरकारने तिच्यात भांडवल ओतलं, ते करातून. माळ्याने घेतलेल्या साबणाच्या वडीवरचा कर त्यात आहे. ठेवीदारांचे पैसे बुडाले नाहीत, कारण बँक सरकारी. पण आमच्या रायगडला विचारा, बँक सरकारी नसली की काय होतं. पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले आणि निवृत्तीची पुंजी तिथे ठेवणारे हजारो लोक मोर्चे काढून थकले. तेव्हा ठेवीवरचं विमासंरक्षण एक लाखाचंच होतं. फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झालं. पतसंस्थेतल्या ठेवींना तेही नाही. पेण पाहिलेला माणूस म्हातारपणाचा पैसा राष्ट्रीयीकृत बँकेत नेतो, तिथे व्याज कमी मिळालं तरी चालेल म्हणतो. त्या विश्वासावर तुमच्या हमीपत्रांचा घाव बसला. त्या दिवसांत आमच्याकडची वयस्कर माणसं पासबुक भरून घ्यायला अलिबागला रांगा लावत होती. पैसे काढायचे नव्हते त्यांना. आकडा जागेवर आहे का, एवढंच बघायचं होतं.

तुम्हाला लंडनमध्ये अटक झाली तीही, बातम्यांप्रमाणे, बँकेच्या शाखेत. मार्च २०१९ मध्ये खातं उघडायला गेला होतात. तेव्हापासून तुमचे जामिनाचे अर्ज फेटाळले जात राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने तुम्हाला फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केलं. २०२१ मध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी प्रत्यार्पणाला मोकळीक दिली, २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तुमचं अपील फेटाळलं. त्या अपिलाच्या खर्चापोटी तुमच्यावर दीड लाख पौंडांचा बोजा पडला आणि तुम्ही कोर्टाला सांगितलंत की महिन्याला १० हजार पौंड भरू शकतो, तेही उसने घेऊन. ती बातमी मी दोनदा वाचली. तुम्हालाही हप्ता बांधून घ्यावा लागला, आणि तो भरायला उसनवारी करावी लागली. आमच्या बाईने जे व्रत एका पावसाळ्यात पाळलं, ते तुम्हाला तुरुंगातसुद्धा जमलं नाही.

तुमच्याकडची चित्रं २०१९ मध्ये लिलावात गेली, एकटं गायतोंडेंचं चित्र २५ कोटींवर गेलं. घड्याळं, गाड्या विकल्या, मालमत्ता जप्त झाल्या. त्यातून बँकेच्या पदरात काही परत पडतंय. ते तुम्ही फेडलेलं नाही, तुमच्याकडून ओढून घेतलेलं आहे. फेडणं म्हणजे समोर येऊन हिशेब मांडणं. आरोप खोटे आहेत असं तुमचं म्हणणं आहे ना? मग ते मुंबईच्या न्यायालयात म्हणा. तिथली कोठडी वाईट आहे, तब्येत बरी नाही, मन ठीक नाही, ही कारणं तुमचे वकील वर्षानुवर्षं देताहेत. आमच्याकडे हप्ता थकलेल्या बाईलाही ही सगळी कारणं असतात. रिझर्व्ह बँकेने वसुली करणाऱ्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला बंदी केली आहे, पण आठ ते सात या वेळेत तिला दार उघडावं लागतंच. ती उघडते. पैसे नसले तर नाहीत म्हणून सांगते आणि मुदत मागते.

तेवढं तुम्ही करा. कागद घेऊन या, कोणती हमीपत्रं कुणाच्या सहीने निघाली, पैसा कुठे गेला आणि आज कुठे आहे, ते सांगा. बँकेतल्या आणखी कुणाची साथ होती तेही सांगा, कारण शाखेतल्या एक-दोन माणसांनी सात वर्षं हे एकट्याने रेटलं यावर आमच्या नाक्यावर कुणाचा विश्वास नाही. आणि जे परत येईल ते बँकेच्या खात्यात जमा होऊ द्या, म्हणजे पुढच्या वेळी दोन लाखांवरून कुणी तुमचं नाव घेतलं, तर त्याला तुमची जमापावती दाखवता येईल.

किहीममधला एक ठेवीदार